पहिलं एमबीबीएस आणि संध्याकाळची तालीम

नाटक, फुटबॉल, गाणं सोडून द्या, असं मी सांगणार नाही. श्रीराम लागू, जब्बार पटेल, मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी, डॉक्टरही झाले आणि नाटकही केलं. फक्त कोणता तास कधीच बुडवायचा नाही, हे आधी पक्कं करा. तो तास डिसेक्शनचा, म्हणजे मृतदेह उलगडून शरीररचना शिकण्याचा.

लेक्चर बुडालं तर पुस्तक आहे, मैत्रिणीच्या नोट्स आहेत. डिसेक्शन थराथरानं पुढे जातं. आधी त्वचा, मग चरबी, मग स्नायू. दोन दिवसांनी गेलात तर वरच्या थरातल्या बारीक नर्व्ह (मज्जातंतू) निघून गेलेल्या असतात, त्या देहात पुन्हा बघायला मिळत नाहीत. पार्ट एंडिंगला, म्हणजे शरीराचा एक भाग संपल्यावरच्या परीक्षेत, सर चिमट्यानं एक पांढुरकी दोरी उचलून विचारतात, ही कोणती? पुस्तकात आर्टरी (धमनी) लाल आणि नर्व्ह पिवळी असते, टेबलावर तसं काही नसतं.

हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, तीही प्रत्येक विषयात. म्हणजे १०० प्रॅक्टिकलमागे २० सुटतात, आणि त्यातच ताप, घरचं लग्न आणि दिवाळीसाठी आदल्या दिवशी पकडलेली गाडी. स्पर्धेच्या दिवसांसाठी त्यातले थोडे सुरुवातीलाच राखून ठेवा.

खेळाला रोज दीड तास लागतो, पण वर्षभर तेवढाच. एकांकिकेचं तसं नाही. आधी दोन तासांत आटोपणारी तालीम शेवटच्या आठवड्यात रात्री एकपर्यंत चालते. त्या आठवड्यात नवा धडा उघडू नका. त्या दिवशी जे डिसेक्ट झालं तेवढंच, ४० मिनिटं, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर काढा. ब्रॅकिअल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं जाळं असेल तर ५ रूट, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड. हात जिथे अडेल तेवढंच पुस्तकात बघा. हे तालमीला निघण्याआधी उरका. रात्री परतल्यावर डोळे उघडे राहत नाहीत, आणि पाठ केलेलं पक्कं व्हायला झोपही लागतेच.

सगळ्यात महाग पडते ती गॅदरिंगची कमिटी. स्पॉन्सरचे आणि मांडववाल्याचे फोन दिवसाच येतात, ऐन प्रॅक्टिकलमध्ये. पहिल्या वर्षी स्टेजवर जा, कमिटी पुढे बघू.

हिस्टॉलॉजीचं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या ऊतींचं चित्र स्लाइड समोर असतानाच जांभळ्या-गुलाबी पेन्सिलीनं पूर्ण करा आणि जर्नलवर त्याच आठवड्यात सही घ्या. साठलेली चित्रं शेवटी दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवली जातात. मग स्पॉटिंगला, म्हणजे स्लाइड ओळखायच्या परीक्षेत, मायक्रोस्कोपला डोळा लावला की थायरॉइड कोणतं आणि स्तनग्रंथी कोणती, तेच कळत नाही.

इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत, दोन विषयांत मागे पडलात तर भूमिका सोडून बॅकस्टेजला जा. ही शक्यता दिग्दर्शकाला पहिल्या वाचनालाच सांगून ठेवा, म्हणजे तुमच्या जागी उभा राहणारा तोवर संवाद पाठ करून तयार असेल.