काटा कधी चढतो?

मंडळी, इंदूरात जुन्या मारुती ८००, झेन अजून रोज रस्त्यावर दिसतात. उन्हाळा लागला की त्यांच्या मालकांची एकच तक्रार असते, इंजिनाच्या तापमानाचा काटा चढतो. मग कूलंट बदला, वॉटर पंप बदला, रेडिएटर बदला. खर्च होतो आणि काटा तिथंच. माझं कळकळीचं सांगणं आहे, पाना हातात घेण्याआधी काटा नेमका कधी चढतो ते बघा.

राजवाड्याच्या गर्दीत चढतो आणि बायपासवर गाडी पळू लागली की उतरतो, तर रेडिएटरच्या पंख्याकडे वळा. फ्यूज, रिले आणि पंखा चालू करणारा स्विच तपासा. गावात ठीक, पण सिमरोलचा घाट चढताना तापते, तर रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्याची शंका घ्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की क्षार बसणारच. गाडी बंद करा, पंख्याची वायर सोडवा, रेडिएटर कोमट झाला की त्यावरून हात फिरवा. एखादा पट्टा गार लागला तर तिथून पाणी जातच नाही. हेडलाइट लावले की काटा उडत असेल, तर आधी अर्थिंग बघा.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल. ‘आपल्याकडे एवढी गरमी, वॉल काढूनच टाका,’ असं सर्रास सांगतात. कृपा करून ऐकू नका. त्याच्याविना इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आतल्या आतच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर घरीच तपासा. पातेल्यात पाणी घ्या, वॉल दोऱ्याने अधांतरी लटकवा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. वॉलवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्या आकड्याच्या आसपास आलं की मधली चकती हळूहळू उचलली जाते. उकळी फुटली तरी ती हलली नाही, तर वॉल बदला.

रेडिएटरचं झाकण कुणी मोजतच नाही. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर, इथं उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून बंद यंत्रणेत तेच पाणी साधारण ११८ पर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा आधार गेला. मात्र गरम इंजिनावर झाकण उघडू नका, तोंड भाजतं.

सर्वांत घातक खूण वेगळीच. चढलेला काटा अचानक खाली पडतो आणि चालवणाऱ्याला हायसं वाटतं. पाणी पार उतरलं की सेन्सर कोरडा पडतो. त्याला तापलेलं पाणी लागतच नाही, म्हणून तो कमी दाखवतो. तेवढ्यात हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं. असा काटा पडला की गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.