हललेला फक्त अंगठा

(दृश्य: पलंगावर बसलेला मुलगा, हातात फोन)

हा पंधरा वर्षांचा मुलगा. वरची पाठ भिंतीला टेकलीय, कंबर पुढे घसरलीय, हनुवटी जवळजवळ छातीला लागलीय. कॅमेरा आम्ही 40 मिनिटं चालू ठेवला होता, तुम्हाला पळवून दाखवतोय. एवढ्या वेळात सतत हलत होता तो फक्त त्याचा अंगठा.

(दृश्य: मान, जवळून)

आता बाजूने बघा. कॉलरच्या जरा वर जो उंचवटा दिसतोय, तो मानेचा सातवा, शेवटचा मणका. मोठ्या माणसाचं डोकं साधारण 5 किलोंचं, आणि या वयात ते जवळपास तेवढंच भरतं. मान सरळ असली की हे ओझं मणक्यांवर तोललेलं राहतं. पुढे झुकली की ते धरून ठेवायचं काम मानेमागच्या स्नायूंवर येतं. पाण्याने भरलेली बाटली छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. बाटली तीच, पण खांदा लगेच भरून येतो.

तरी मान वाकवणं वाईट नाही. ती वाकण्यासाठीच घडलेली आहे. आमचा आक्षेप आहे तो तासन् तास तसंच बसून राहण्याला. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आपण उठतो, चालतो, वळतो तेव्हा तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो. त्या चढउताराने तिच्यातला द्रव आत-बाहेर होतो. ही हालचालच थांबली तर? ताठ बसलेलं मूलही तासाभराने अवघडतंच. म्हणून 'नीट बस' म्हणण्यापेक्षा 'जरा ऊठ' म्हणा.

(दृश्य: दप्तरांची रांग)

पाठदुखी म्हटलं की बोट दप्तराकडे जातं. दप्तर हलकं हवंच, दोन्ही खांद्यांवर हवं. पण एकट्या दप्तराच्या वजनाने मुलांची पाठ दुखते, असा ठोस पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही. दप्तर पाठीवर असतं थोडा वेळ, खुर्ची असते दिवसभर.

(दृश्य: रात्र, पांघरुणाखाली उजेड)

रात्रीचा एक वाजलाय. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. अपुरी झोप आणि मनावरचा ताण असलेल्या मुलांमध्ये मान-पाठदुखीच्या तक्रारी जास्त आढळतात.

शाळकरी वयात वरचेवर दुखणारी पाठ पुढे मोठेपणीही दुखण्याची शक्यता वाढते. आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, हातापायाला बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

(दृश्य: टेबलावर छोटी बाटली)

या मुलाला फिजिओथेरपिस्टनी पहिल्या दिवशी व्यायामांचा तक्ता दिला नाही. एकच सांगितलं: टेबलावरची मोठी बाटली काढ, छोटी ठेव. छोटी लवकर संपते, ती भरायला उठावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात दोरीच्या उड्या आल्या. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. जगातल्या दर 5 किशोरवयीनांपैकी 4 जणांची तेवढी होत नाही.

(दृश्य: गच्ची, संध्याकाळ)

पहिल्या दिवशी त्याच्या सलग अकरा उड्या झाल्या. आज आम्ही मोजत नाही. दोरीचा आवाज ऐका.