मंदिराच्या दाराशी: कोलंबो, रंगून, नाशिक

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील शिलालेख आहेत. त्यांपैकी एकात, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) त्याने ३००० कार्षापणे (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून सोपवल्याची आणि तिच्या व्याजातून वर्षावासातील (पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या) भिक्खूंच्या चीवरांची, म्हणजे वस्त्रांची, आणि इतर किरकोळ खर्चाची सोय लावल्याची नोंद आहे. भिक्खुसंघाचा भार गृहस्थांच्या संघटनेने उचलावा, ही रीत येथे इतकी जुनी आहे.

बौद्ध तरुणांची स्वतंत्र संघटना मात्र आधुनिक काळातली. लंडनमध्ये १८४४ साली ख्रिस्ती तरुणांची 'वायएमसीए' स्थापन झाली होती. तोच साचा समोर ठेवून, पूर्वी कॅथलिक असलेल्या सी. एस. दिसानायके यांनी १८९८ साली कोलंबोत 'यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशन' उभी केली. डी. बी. जयतिलक पहिले अध्यक्ष झाले आणि पुढे धम्मशाळांच्या परीक्षा हे संस्थेचे मोठे काम ठरले. मिशनऱ्यांना त्यांच्याच पद्धतीने दिलेले हे उत्तर होते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

१९०६ साली ब्रह्मदेशातील रंगूनमध्ये याच नावाची संस्था निघाली, पण तिचा रोख लवकरच बदलला. युरोपीय लोक पॅगोड्याच्या आवारात बूट घालून वावरत. त्याला या तरुणांनी हरकत घेतली आणि धार्मिक शिष्टाचाराचा म्हणून सुरू झालेला वाद थेट वसाहतवादी सत्तेच्या प्रतिष्ठेला जाऊन भिडला. १९२० साली या संस्थेतूनच बर्मी संघटनांची व्यापक राजकीय परिषद आकाराला आली.

नाशिकमध्येही वाद मंदिराच्या दाराशीच पेटला, पण प्रश्न कितीतरी मूलभूत होता. रंगूनमध्ये पायातले बूट बाहेर ठेवा एवढीच मागणी होती. येथे माणसालाच बाहेर ठेवले होते. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांसह जिल्ह्यातील गावोगावचे तरुण उतरले, ते बौद्ध म्हणून नव्हे. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

१९५० साली बाबासाहेब श्रीलंकेत गेले असता कोलंबोच्या त्याच तरुण संघटनेपुढे भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर बोलले. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी नागपूरची दीक्षा झाली. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतील तरुण मंडळांनी जयंतीच्या वर्गणीबरोबर बुद्धवंदना, वाचनालय आणि विहाराचे बांधकाम ही कामेही अंगावर घेतली.