गंधार 14 सेंट खाली

(पडद्यावर: कोल्हापूर, शिवाजी पेठेतली गल्ली, वरच्या मजल्यावरची खोली. टेबलावर लॅपटॉप, हेडफोन, छोटा मिडी कीबोर्ड.)

पेठेतल्या घरात माईक लावून रेकॉर्डिंग करायचं म्हणजे लई अवघड. भिंतीला भिंत लागून घरं, खाली हॉर्न, शेजारी मिक्सर चालू, आणि गणपती जवळ आले की डॉल्बी. सॉफ्टवेअर सिंथला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या वाद्याला, यातलं काहीच आडवं येत नाही, कारण त्याचा आवाज कॉम्प्युटरच्या आतच आकडेमोडीतनं तयार होतो, सेकंदाला 44,100 आकडे, आणि तिथनं थेट हेडफोनमध्ये. बाहेर काय पण चालू दे.

(जुने फोटो: प्रभातचा काळ.)

याच कोल्हापुरात प्रभातनं 'अयोध्येचा राजा' केला, 1932 ला, संगीत गोविंदराव टेंबेंचं. त्या काळी बोलपटातलं गाणं शूटिंगच्या वेळीच गायचं, वादक कॅमेऱ्याच्या कडेला बसून वाजवणार, एकजण चुकला की परत पहिल्यापासून. आज तेवढा ताफा एका लॅपटॉपमध्ये मावतो. 1983 ला मिडी आलं, म्हणजे कीबोर्डची कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, हे एका यंत्रानं दुसऱ्याला सांगायची पद्धत. मग 1996 ला स्टाइनबर्ग कंपनीनं व्हीएसटी आणलं, म्हणजे म्युझिकच्या सॉफ्टवेअरला बाहेरचे छोटे प्रोग्राम, प्लगइन, जोडायची पद्धत, आणि 1999 पासून त्यात वाद्यं पण चालायला लागली. तिथनं पुढं घरबसल्या म्युझिक करणं खरंच सोपं झालं.

पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. प्लगइन उघडलं की शेकडो प्रीसेट, म्हणजे आधीच बनवून ठेवलेले आवाज, तयार असतात, क्लिक केलं की भारी आवाज येतो, आणि तिथंच आपण अडकतो. तो आवाज कुणीतरी त्याच्या कानानं, त्याच्या गावात बसून बनवलेला असतो. आपल्या कानात दुसरं काहीतरी आहे ना!

(आवाज: हलगी.)

ही हलगी ऐका. कुस्तीच्या मैदानात, मिरवणुकीत, लहानपणापासनं ऐकलेली. एका हातात टिपरू, म्हणजे जाडसर काठी, दुसऱ्या हातात बारीक काडी. सिंथवर ती बनवायची तर दोन थर लागतात. एक नॉईजचा, म्हणजे नुसत्या खरखरीचा, एकदम बारका, काडीच्या फटक्यासाठी. दुसरा साईन वेव्हचा, म्हणजे सगळ्यात साध्या गोल लहरीचा, ज्याचा पिच, म्हणजे सुराची उंची, सुरू होताच झपकन खाली घसरतो, तो चामड्याचा. अटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, शून्य. सस्टेन, म्हणजे पट्टी धरून ठेवल्यावर टिकणारा आवाज, तो पण शून्य. सगळा खेळ डिकेचा, म्हणजे आवाज किती वेळात विरतो त्याचा. पावसाळ्यात चामडं सैल पडतं म्हणून वादक हलगी जाळावर शेकून घेतात, ताण वाढतो, आवाज चढतो. इथं तेच काम पिचच्या नॉबवर होतं, आणि कुठवर चढवायचा हे ज्यानं शेकलेली हलगी ऐकली आहे त्यालाच कळतं.

आणि बफर कमी ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे आकडे, सॅम्पल, ज्या गठ्ठ्यानं पाठवतो तो गठ्ठा. 1024 सॅम्पलचा बफर असला की पट्टी दाबल्यापासनं निदान 23 मिलिसेकंद उशीर, हलगीच्या चालीत तो लगेच बोचतो. 256 वर आणला की साधारण 6. कॉम्प्युटर जुना असेल तर आवाज तडतडतो, मग मधला आकडा धरायचा.

(पडद्यावर: देवल क्लब, अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा.)

आता सुरांचं. ही शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेबांची कर्मभूमी, 1883 पासनं इथं देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, या गावात बसून सुराकडं दुर्लक्ष करणं मला तरी पटत नाही. कीबोर्डवर सप्तकाचे 12 सारखे भाग केलेले असतात, त्यामुळं गंधार थोडा चढा लागतो. आकाशवाणीवर 1940 पासनं 1971 पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, त्यामागं अशा पक्क्या बसवलेल्या सुरांची तक्रार पण होती.

हे घरी पण तपासता येतं. सॉटूथ वेव्हवर, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या लहरीवर, पांढरी एकचा सा धरून ठेवा, 130.8 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. त्या एका सुरातच पाचपट वेगाचा सूर पण वाजत असतो, 654 हर्ट्झ, दोन सप्तकं वरचा गंधार, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतनं ऐकू येतो तोच. आता कीबोर्डवरचा तिथला गंधार दाबा. तो 659 ला आहे. सेकंदाला पाचेक वेळा आवाज थरथरतो.

(आवाज: दोन्ही सूर एकत्र. थरथर. मग हळूहळू सूर जुळतो.)

आणि हा 14 सेंट खाली आणला, सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. गेली थरथर.

सर्ज एक्सटी नावाचा सिंथ फुकट आहे, त्यात स्काला फाईल, म्हणजे सुरांची अंतरं लिहिलेली फाईल, टाकून सगळे 12 सूर आपल्याला हवे तसे बसवता येतात. फक्त सा बदलला की ट्यूनिंगचा सा पण बदलायचा, हे विसरू नका, नाहीतर भलतेच सूर खाली जातात.

मींड, म्हणजे एका स्वरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढायची असेल तर पिच बेंडची, म्हणजे सूर वरखाली ओढायच्या चाकाची, रेंज बघा. बहुतेक ठिकाणी ती 2 सेमीटोनच, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांइतकीच असते, ती 12 करा. पिच बेंडला 16,384 पायऱ्या असतात, त्यामुळं सूर तुटत नाही, बाकी साध्या मिडी नॉबना 128 च. पण चाक सरळ ओढून मींड होत नाही. सुटताना सावकाश, मध्ये जरा वेग, आणि पोचायच्या स्वराला हलकेच टेकायचं. हे माउसनं रेघ काढून पण जमतं, वेळ लागतो. मी आधी तोंडानं गाऊन घेतो आणि मगच रेघ काढतो.

ज्यांना सुरू करायचं आहे त्यांनी आत्ताच खर्च करू नका. गाणी रचायचं सॉफ्टवेअर एलएमएमएस फुकट, सर्ज फुकट, कीबोर्ड नसेल तर माउसनं स्वर टाका. पैसे घालायचेच असतील तर पहिले हेडफोनला घाला. आणि पहिल्या दिवशी प्रीसेट न उघडता एक साधी सॉटूथ घेऊन बसा.