नोंद खरी करा

(अंबाजोगाई येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, या व्याख्यानाच्या चालकांनी पत्रात विषय कळवला होता 'सत्ता आणि नीती'. विषय थोरामोठ्यांचा, आणि मी उभी हयात महसूल खात्यात फायली हलवलेला माणूस. त्यामुळं मी जे बोलणार ते तहसीलच्या खिडकीतून दिसलेलं बोलणार. काही जणांना टोचेल. टोचू द्या.

माझं पहिलं मत असं, की सरकारची खरी ताकद पोलिसाच्या काठीत नसते. काठी रोज उगारता येत नाही. खरी ताकद रजिस्टरात असते. कोणती जमीन कुणाची, कोण गरीब, कोण गावचा, कुठं दुष्काळ पडला आणि कुठं नाही, हे ठरवायचा हक्क ज्याच्या हातात, त्याची सत्ता. तुमचं पीक वाळून कोळ झालेलं असलं तरी कागदावर ते उभं असेल तर ते उभंच धरलं जातं.

या गावाला हे नव्यानं सांगायला नको. हैदराबादच्या निजामाच्या काळात याच गावाला मोमिनाबाद म्हणत, आणि तेव्हा 'गश्ती निशाण 53' नावाचा हुकूम होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी. आजच्यासारखं व्याख्यान ठेवायचं म्हटलं तरी अर्ज करा, वाट बघा. म्हणून आपल्या लोकांनी वाचनालयं काढली, शाळा काढल्या, परिषदा भरवल्या. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 मध्ये परतूरला झालं. पुढं निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून इथं आले ते शिक्षक म्हणून. राजाला बंदुकीचं भय नव्हतं, फौज त्याच्याकडं होती. चार माणसं एका सतरंजीवर बसून एकमेकांना काय सांगतात, त्याचं भय होतं.

हे भय निजामाबरोबर गेलं असं ज्यांना वाटतं त्यांना माझा नमस्कार. 2025 च्या जुलैत आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला देणारं. सरकार म्हणतं, हे कडव्या डाव्यांसाठी आहे. असेलही. पण कायदा वाचायची माझी एक रीत आहे, आणि ती मी माझ्याच पक्षाच्या भक्तांनाही सांगतो: तुम्हाला ज्या माणसाचं तोंड बघवत नाही, तो मुख्यमंत्री झालाय असं समजा आणि मग तो कायदा पुन्हा वाचा. तरीही गोड लागला तर पाठिंबा द्या. आमच्याकडं उलटं चालतं. आपला माणूस खुर्चीवर असला की अधिकार कमी पडतात, दुसऱ्याचा बसला की हुकूमशाही आली. यात सत्तेचा दोष निम्मा, उरलेला आपला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगताना सभागृहात चुळबुळ होणार हे मला ठाऊक आहे.

दरवर्षी 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण झेंडा लावतो. लावायलाच पाहिजे. निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांनी मराठवाड्यात जे केलं, जी गावं जाळली, ज्या लोकांनी रानात, सरहद्दीपलीकडच्या कँपांत दिवस काढले, ते खरं आहे आणि ते पोरांना शिकवलं पाहिजे. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, त्यालाच 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. आपली पुस्तकं इथं थांबतात. त्यानंतरच्या दिवसांत काय झालं? नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना हैदराबाद संस्थानात पाठवलं. ते गावोगाव फिरले. त्यांच्या अहवालात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत, शिवाय बिदर आणि गुलबर्गा. मेलेल्यांचा त्यांचा अंदाज, तोही हात राखून केलेला, 27 हजार ते 40 हजार. मरणारे बहुतेक मुसलमान. त्यांतले कितीक गरीब विणकर, शेतमजूर, ज्यांचा रझाकारीशी काडीचा संबंध नव्हता. तो अहवाल सरकारनं दशकानुदशकं प्रसिद्ध केला नाही.

काही जण म्हणतील, साहेब, जखमेवरची खपली कशाला काढता. अहो, ज्यांची जखम आहे त्यांच्या घरात ती रोज आहेच. इथल्या मुसलमान मोहल्ल्यांतल्या म्हाताऱ्या बाया 'पोलीस ॲक्शन' हे दोन शब्द आवाज खाली आणून बोलताना मी ऐकल्यात. खपली फक्त आपल्या बाजूची आहे. आणि मुक्तिसंग्राम यानं लहान होत नाही. स्वामीजी, गोविंदभाई श्रॉफ यांची लढाई राजाशी होती, शेजाऱ्याशी नव्हती. मग त्यांच्या लढाईचा अभिमान बाळगणाऱ्यानं दुसरी नोंद वाचायला भ्यायचं कारण काय? जे सरकार आपल्याच माणसांनी केलेलं पाप रजिस्टरात चढवत नाही, ते उद्या तुमचीही नोंद गाळणार.

असो. तिसऱ्या गोष्टीकडं येतो, ती माझ्या टेबलावरची.

संजय गांधी निराधार योजना तुम्हाला माहीत आहे. गावात तिला कुणी योजना म्हणत नाही, 'पगार' म्हणतात. "माय, तुझा पगार आला का?" विधवा, परित्यक्ता, ज्यांना कुणी नाही, अशांना महिन्याला थोडे पैसे. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. आता हिशेब करू. 21 हजार भागिले 365, म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. अख्ख्या घराचे. केंद्र सरकारनं 2024-25 साली आपल्याकडं रोजगार हमीची मजुरी ठरवली होती दिवसाला 297 रुपये. हमी होती 100 दिवसांची. म्हणजे एखाद्या बाईनं सरकारनंच हमी दिलेलं काम पुरं केलं तर तिच्या हाती येतात 29 हजार 700. झाली ती अपात्र! सरकारच्या एका कागदावर राबली म्हणून दुसऱ्या कागदावर ती श्रीमंत.

एकदा एक म्हातारी खिडकीशी आली. हातात पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, आधार आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तिन्ही एकाच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र लागतं, खाली छापलेलं असतं की माहिती खोटी निघाल्यास गुन्हा दाखल होईल. नातवानं तिला ते वाचून दाखवलं असावं. ती म्हणाली, "सायेब, खरं लिवलं तर पगार बंद व्हतो. खोटं लिवलं तर तुमीच म्हंता जेल हाय. मंग म्या लिवू काय?"

मी 21 हजारांच्या आतला दाखला दिला. असे कितीतरी दिले आणि त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. आजही त्या खुर्चीवर असतो तर दिला असता. पण एक गोष्ट समजून घ्या. अशी अट सरकार बदलत का नाही? कारण ती सरकारच्या सोयीची असते. खरं लिहून कुणी पात्रच होणार नाही अशी अट ठेवली, की प्रत्येक लाभार्थी गुन्हेगार होतो. मग त्याला कधीही धरता येतं. तो मोर्चात येत नाही, ग्रामसभेत उठत नाही, गावपुढाऱ्यासमोर मान वर करत नाही, कारण त्याचा दाखला पुढाऱ्याला माहीत असतो. गरिबाला आधी खोटं बोलायला लावायचं आणि मग त्या खोट्याच्या दाव्याला बांधून ठेवायचं. लाच घेणाऱ्या कारकुनापेक्षा हे मला शंभरपट मोठं पाप वाटतं, आणि याच्यावर कुठल्याही लाचलुचपत खात्याचा सापळा लागत नाही.

पंचनाम्याचंही तेच. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असेल तर मदत, नाहीतर भोपळा. मग ज्याचं 30 टक्के गेलं त्यानं काय करायचं? तलाठी पारावर बसतो, कोऱ्या कागदावर पाच पंचांच्या सह्या घेतो आणि आकडा तालुक्याला जाऊन भरतो. पैसेवारीत, म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं त्या सरकारी अंदाजात, तर सगळा जीव त्या 50 च्या आकड्यात. खाली गेली तर शेतसाऱ्यात सूट, पंपाच्या बिलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. वर राहिली तर काही नाही. 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवायला पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहाची चित्रं आली. उपग्रह लाच खात नाही हे चांगलंच. पण त्याचा निष्कर्ष पुन्हा माणसाच्याच सहीनं खाली येतो.

इथवर टाळ्या वाजल्या, कारण मी सरकारला बोललो. आता तुमच्याकडं वळतो.

2023 च्या खरिपात राज्य सरकारनं एक रुपयात पीकविमा आणला. योजना म्हणून चांगली होती. आपण काय केलं? सरकारी जमिनीवर विमा काढला. मंदिर-मशिदीच्या नावच्या जमिनीवर काढला. जिथं पेरलंच नाही तिथं सोयाबीन दाखवलं. आणि बोगस अर्जांत आपला बीड जिल्हा पुढं होता. 2025 मध्ये योजना गुंडाळली. आता खरा शेतकरी हप्ता भरतो. त्या म्हातारीचं खोटं आणि हे खोटं मी एका तागडीत घालणार नाही. तिच्यापुढं दुसरा दरवाजा नव्हता. दहा एकर कॅनॉलखालची जमीन असलेल्या, दारात बोलेरो लावणाऱ्या माणसापुढं होता. तोच माणूस पारावर बसून "सगळे नेते चोर" म्हणतो, तेव्हा मला हसू येतं. नेता आभाळातून पडत नाही, तुमच्याच भावकीतून येतो.

आणि हाच माणूस भाविकही असतो. वारीला जातो, सप्ताहाला पंगत देतो. मी ज्या ज्या कचेऱ्यांत काम केलं तिथं वर्षातून एकदा सत्यनारायण व्हायचा. वर्गणी कर्मचाऱ्यांची, शिऱ्याची साखर कुणाच्या तरी 'कडून आलेली'. सत्याच्या देवाची पूजा त्या खोलीत, जिथं दिवसभर काय चालतं ते देवालाही माहीत! माझं मत स्पष्ट आहे. देव मानणारा प्रामाणिक असतो असं नाही, न मानणारा असतो असंही नाही. नीतीचा परवाना कुठल्याच धर्माकडं नाही. चाळीस वर्षं पोथी वाचलेला माणूस मी खोटा फेरफार ओढताना पाहिलाय, आणि देवळाची पायरी न चढलेला एक कोतवाल सापडलेली नोटांची पिशवी ठाण्यात जमा करताना पाहिलाय.

पण संतांना यातून वगळा, त्यांचं आपण ऐकलंच नाही. आपल्या पैठणच्या नाथांची कथा आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं हिशेबाला असताना एका पैशाची चूक रात्रभर शोधत बसले आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनकार ही कथा भक्तीची म्हणून सांगतात. मला ती दप्तराची वाटते. पैसा एकच होता, राजाचा होता, कुणी विचारलं नसतं.

आणि मंगळवेढ्याचे दामाजीपंत. ते बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, लोक मरायला लागले, पंतांनी सरकारी कोठार उघडून दिलं. पुढं विठ्ठलानं महाराच्या वेशात जाऊन रक्कम भरली ते सोडा, श्रद्धेचा भाग आहे. मला पंतांचं वागणं महत्त्वाचं वाटतं. त्यांनी हुकूम मोडला, पण रजिस्टरात 'धान्य उंदरांनी खाल्लं' असं लिहिलं नाही. उघड मोडला, जबाबदारी डोक्यावर घेतली. आजचा अंमलदार कोठार उघडत नाही, उंदीर मात्र दरवर्षी दाखवतो.

माझ्या त्या दाखल्यांच्या बाबतीत दामाजींचा मार्ग असा झाला असता, की गावानं ग्रामसभेत ठराव घ्यायचा: आमच्या गावात 21 हजारांत कोणतंही घर चालत नाही, निराधार बायांचं खरं उत्पन्न अमुक आहे, ही अट खोटी आहे, आणि तरीही या बायांना पगार मिळाला पाहिजे. सह्यांनिशी, कलेक्टर कचेरीला, मुंबईला. एका गावानं केलं तर फाईलला लागेल, हजार गावांनी केलं तर सरकारला उत्तर द्यावं लागेल. ग्रामसभेचा हक्क कायद्यात आहे. आपण तिथं फक्त चहाला जातो, काही जण तेवढ्यालाही नाही. सही ग्रामसेवक घरी येऊन घेतो.

चालकांनी एक चिठ्ठी दिलीय. लिहिलंय, "खरं लिहिणाऱ्या तलाठ्याची बदली होते, त्याचं काय?"

होते. मी गोड बोलणार नाही. आणीबाणीत, 1976 साली, सर्वोच्च न्यायालयात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. पुढच्या वर्षी त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. 2017 मध्ये न्यायालयानं तो जुना निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा खन्ना हयात नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर तलाठ्याची काय कथा. तेव्हा बक्षीस मिळेल म्हणून खरं लिहू नका, मिळणार नाही.

पण गाव काय करतं ते विचारतो. तलाठी चांगला होता म्हणून बदली झाल्यावर फेटा बांधता, नारळ देता, फोटो काढता. त्यापेक्षा बदल्यांचा 2005 चा कायदा काढून बघा, मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. ते कारण मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि अर्ज एकट्यानं करू नका, वीस जणांनी वीस करा, म्हणजे कुणा एकाला बोलावून दम देता येत नाही.

हं, दुसरी चिठ्ठी कुणाची आहे? द्या इकडं.