तिकिटात काय येतं, काय येत नाही

(दृश्य – मायामी बंदर, शनिवारची सकाळ. धक्क्याला लागलेलं जहाज. कॅमेरा पाण्यापासून वर वर जातो, मजले संपत नाहीत.)

हे क्रूझजहाज ‘आयकॉन ऑफ द सीज’. लांबी ३६५ मीटर, वीस डेक. एकही खाट रिकामी राहिली नाही तर सुमारे ७,६०० प्रवासी, आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं हे जहाज जानेवारी २०२४मध्ये पहिल्या सफरीला निघालं.

आज सकाळी आठवडाभराचे पाहुणे उतरतायत. दुपारी त्याच केबिनमध्ये नवे पाहुणे शिरतील. मधल्या काही तासांत हजारो चादरी बदलायच्या, कचरा उतरवायचा, इंधन भरायचं आणि आठवडाभराचा शिधा फोर्कलिफ्टनं जहाजाच्या पोटात उतरवायचा. संध्याकाळी जहाज सुटलंच पाहिजे. बंदरात असताना कॅसिनो आणि दुकानं सहसा बंद असतात. ती उघडतात बाहेर पडल्यावर, खुल्या समुद्रात. धंद्याची खरी सुरुवात तिथं होते.

(दृश्य – उतरणाऱ्या प्रवाशांचे चेहरे. कुणी उन्हानं रापलेलं, कुणी वैतागलेलं.)

क्रूझबद्दल मधलं मत असणारी माणसं कमीच भेटतात. एकजण म्हणतो, इतक्या पैशांत इतकं सुख जमिनीवर कुठंच मिळत नाही. दुसरा म्हणतो, लुटलं. दोघं एकाच जहाजावर, शेजारशेजारच्या केबिनमध्ये राहिलेले असू शकतात. आणि हिशेब मांडला तर दोघंही खरं बोलत असतात.

(दृश्य – जुनी कृष्णधवल छायाचित्रं. अटलांटिक ओलांडणारी प्रवासी जहाजं.)

थोडं मागं जाऊ. समुद्रावर नुसतं हिंडायला जायचं ही कल्पना काही नवी नाही. जर्मन जहाजमालक अल्बर्ट बालिन यांनी खास सहलीसाठी ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ हे जहाज १९००मध्येच बांधून घेतलं होतं. पण मोठी जहाजं तेव्हा मुख्यतः माणसांना या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला पोचवत. १९५८मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि आठवड्याचा प्रवास काही तासांवर आला. जहाजांना गिऱ्हाईक उरेना. मग मायामीत काहीजणांनी जहाजालाच मुक्कामाचं ठिकाण करून टाकलं. कार्निव्हल कंपनीचं पहिलं जहाज ‘मार्डी ग्रा’ १९७२मध्ये पहिल्याच फेरीला मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतलं होतं. शकुन काही बरा म्हणता यायचा नाही. आज हीच कंपनी या धंद्यात सगळ्यांत मोठी आहे.

(दृश्य – मोबाइलच्या पडद्यावर जाहिरात. मोठ्या आकड्यांत भाडं. खाली बारीक अक्षरं.)

जाहिरातीत दिसतं ते भाडं बहुधा माणशी असतं, आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून काढलेलं असतं. एकटा माणूस गेला तर त्याला बहुतेक वेळा दुसऱ्या रिकाम्या खाटेचेही पैसे भरावे लागतात. हा एकट्यानं फिरणाऱ्यांवरचा दंडच आहे. काही जहाजांवर आता एकट्यासाठी छोट्या केबिन असतात, पण मोजक्याच.

भाड्यात काय येतं? केबिन, मुख्य भोजनगृहातलं आणि बुफेतलं जेवण, पोहण्याचे तलाव, रंगमंचावरचे कार्यक्रम. काय येत नाही? दारू, बाटलीबंद पेयं, इंटरनेट, खास रेस्टॉरंटं, बंदरावर उतरून केलेली सहल, आणि कर्मचाऱ्यांची टिप. अमेरिकी बाजारातल्या मोठ्या कंपन्या ही टिप माणशी, दररोज, १६ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप खात्यावर चढवतात. चौघांचं कुटुंब आणि सात दिवस धरून तुम्हीच गुणाकार करा. ती काढून टाकायला सांगता येते, पण त्यात कंपनीचं फारसं काही जात नाही; केबिन झाडणाऱ्याच्या आणि ताटं वाढणाऱ्याच्या खिशातून जातं. आमचं मत विचाराल तर ही रक्कम सरळ भाड्यातच धरावी. पण मग जाहिरातीतला आकडा वाढेल, आणि तो वाढलेला कुणालाच नको असतो.

पेयांच्या पॅकेजमध्येही मेख असते. एका केबिनमधल्या एका प्रौढानं ते घेतलं तर दुसऱ्यानंही घेतलं पाहिजे, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे. आणि घ्यायचं ते पूर्ण सफरीसाठी. ज्या दिवशी तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर असता, त्या दिवसाचेही पैसे मोजायचे. रोज सहासात पेले रिचवणाऱ्याला ते परवडतं. जेवताना एखादा ग्लास घेणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं चिल्लर वाटत असेल, तर २०२३चा कार्निव्हलचा ताळेबंद पाहा. कंपनीचं उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर. त्यातले साधारण साडेसात अब्ज तिकिटांचे नाहीतच. ते पाहुण्यांनी जहाजावर आल्यानंतर खर्च केलेले आणि त्यासारखे इतर पैसे आहेत. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं काही पाहुण्यांच्या बाबतीत खरंच होतं, भाड्यापेक्षा वरखर्चाचं बिल मोठं निघतं.

तरीही स्वस्तात जाणारे जातात. बिनखिडकीची आतली केबिन घ्यायची, पाणी, चहा, कॉफी यांवर भागवायचं, बंदरावर पायी हिंडायचं आणि कॅसिनोच्या दारातून मान वळवून पुढं जायचं. अशा पाहुण्याची सफर काही अंशी बारमधल्या शेजाऱ्याच्या पैशांवर चाललेली असते. यात लाजण्यासारखं काही नाही.

(दृश्य – जहाजाचं स्वयंपाकघर. स्टीलच्या लांब ओट्यांवरून सरकणारे ट्रे, वाफ, ओरडून दिलेल्या ऑर्डरी.)

आता जेवण. या सगळ्या व्यवहारात सगळ्यांत सरळ काही असेल तर ते हे, असं आम्हाला वाटतं. कारण इथली अडचण लपवता येत नाही. समुद्रात असताना कोथिंबीर संपली म्हणून कुणी बाजारात धावू शकत नाही. प्रत्येक पदार्थाचा अंदाज आधी बांधायचा, मागच्या फेऱ्यांच्या नोंदी काढायच्या, प्रवासी कोणत्या देशांचे आहेत, मुलं किती, म्हातारी माणसं किती, ते बघायचं. कमी मागवलं तर बोंब, जास्त मागवलं तर ते फेकावं लागतं. पिण्याचं पाणीसुद्धा बहुतांशी जहाजावरच तयार होतं. समुद्राचं पाणी उकळून वाफेपासून किंवा दाबानं पडद्यातून गाळून.

मग तक्रारी का? बुफेत पदार्थ दिव्याखाली, गरम तव्यावर तासभर बसतात. अंडी रबरासारखी होतात, पास्ता फुगतो. त्याच स्वयंपाकघराचं मुख्य भोजनगृहातलं जेवण बरंच चांगलं असतं, कारण ते ऑर्डरनुसार ताटात पडतं. पण तिथं ठरल्या वेळी, नीट कपडे करून, दीड तास बसावं लागतं. ओल्या चड्डीत आलेली पोरं घेऊन ते जमत नाही. म्हणून गर्दी बुफेला आणि नावंही बुफेलाच. जाणकार लोक पहिल्या दुपारी, सगळे बॅगा सांभाळत वरच्या मजल्यावरच्या बुफेकडं धावतात तेव्हा, खालच्या मजल्यावर दुसरं काही उघडं आहे का ते शोधतात. बऱ्याचदा असतं.

खास रेस्टॉरंटांचं वेगळं. काही वर्षांत त्यांची संख्या वाढत गेली, आणि भाड्यातल्या जेवणाचा दर्जा तेवढ्याच वेगानं घसरला, असं जुने प्रवासी सांगतात. हे जाणूनबुजून होतं का? कंपन्या नाही म्हणतील. पण चांगलं मटण पंचवीस पावलांवर पैसे देऊन मिळत असेल, तर फुकटचं मटण सुधारायची घाई कोण करेल?

(दृश्य – बुफेच्या दाराशी हात धुण्याची बेसिनं. काही लोक थांबतात, काही तसेच आत जातात.)

तसेच आत जाणाऱ्या या लोकांमुळे जहाजाचं नाव बातम्यांत येतं. नोरोव्हायरस. उलट्या, जुलाब, दोनतीन दिवस केबिनमध्ये पडून राहणं. अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा दाद देत नाही. साबण आणि पाणीच लागतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची, जहाजांच्या स्वच्छतेवर देखरेख ठेवणारी यंत्रणा १९७०च्या दशकापासून आहे. तपासनीस न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात आणि ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास. सगळे निकाल लोकांसमोर मांडलेले असतात. तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की साथ म्हणून नोंद जाहीर होते. जमिनीवरच्या हॉटेलांना असा जाच नसतो, म्हणून त्यांच्या साथी कळतही नाहीत. सीडीसीच्याच नोंदींनुसार नोरोव्हायरसच्या एकूण नोंदवलेल्या साथींपैकी जहाजांवरच्या सुमारे एक टक्काच आहेत.

करोनाची गोष्ट मात्र निराळी होती. फेब्रुवारी २०२०मध्ये योकोहामाजवळ ‘डायमंड प्रिन्सेस’ थांबवून ठेवलं, तेव्हा ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना लागण झाली. बंद दारं आणि सामायिक हवा, तिथं हात धुऊन भागणार नव्हतं.

(दृश्य – रात्र. कलंडलेल्या जहाजाचे दिवे पाण्यात.)

सुरक्षिततेचा विषय निघाला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’, १३ जानेवारी २०१२, इटलीचं जिल्यो बेट. किनाऱ्याजवळून जाण्याच्या हौसेपायी कॅप्टननं जहाज खडकावर घातलं. जहाजावर ४,२२९ माणसं होती, ३२ दगावली. जहाज सोडण्याचा हुकूम यायला तासाहून जास्त वेळ गेला, आणि तोवर ते इतकं कलंडलं होतं की एका बाजूच्या कित्येक लाइफबोटी नीट खाली सोडताच येईनात. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आणीबाणीची कवायत, म्हणजे धोका आला तर काय करायचं याचा सराव, झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी होणार होती. गंमत नव्हे, पण हे तेव्हाच्या नियमात बसत होतं: चोवीस तासांत कवायत घ्या. १ जानेवारी २०१५पासून नियम बदलला. आता सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच ती घ्यावी लागते. कॅप्टन फ्रान्चेस्को स्केत्तिनो यांना २०१५मध्ये १६ वर्षांची शिक्षा झाली.

पण जहाज बुडणं ही अगदी विरळा घटना आहे. त्याहून जास्त वेळा बंद पडतं ते इंजिन, आणि त्याबरोबर वीज. फेब्रुवारी २०१३मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनरूमला आग लागली. कुणी मेलं नाही, पण चार हजारांहून जास्त माणसं मेक्सिकोच्या आखातात दिवसचे दिवस अंधारात, तुंबलेल्या संडासांसह तरंगत राहिली. मार्च २०१९मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिनं बंद पडली. कारण काय, तर टाक्यांत वंगणाचं तेल कमी होतं आणि जहाज डोलू लागल्यावर पंपांना ते मिळेना. हेलिकॉप्टरनं ४७९ जणांना एकेक करून उचललं. इतकी मोठी यंत्रणा, आणि तिचं घोडं अडलं तेलाच्या पातळीपाशी.

(दृश्य – जहाजाच्या मागच्या बाजूला रंगवलेलं बंदराचं नाव. नासाऊ. वालेटा. हॅमिल्टन.)

हे नाव मात्र प्रवासी वाचत नाहीत. जहाज मायामीतून सुटतं, पण नोंदणी त्या बंदराच्या देशाची असते: बहामाज, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडाची. कर, मजुरी, कामाचे तास, सगळं त्या झेंड्यावर ठरतं. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार कर्मचाऱ्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते. उरलेल्या तासांचं गणित उलटं करून पाहा, आणि नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो हेही लक्षात घ्या. रविवारची सुट्टी त्यात नसते.

आणि प्रवाशाचं काय? एक खटला सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली एक बाई लॉस एंजेलिसहून क्रूझला गेली. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ, जहाजाचं स्वयंपाकघर दाखवत असताना ती पायपुसण्यावरून घसरून पडली. तिनं घराजवळच्या कोर्टात दावा लावला. तिकिटाच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दावा फ्लोरिडातच लावायचा. १९९१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: तिकिटावर आहे म्हणजे मान्य आहे. अमेरिकी कंपन्यांच्या तिकिटांत आजही अशी कलमं असतात. दुखापतीचा दावा लावायला वर्षभराचीच मुदत, हे सुद्धा. लोखंड, लाइफबोट, कवायत या बाबतींत जहाजं बरीच सुधारली. कागद तिथंच राहिला.

त्यामुळे आमचा सल्ला रूक्ष आहे. वैद्यकीय विमा घ्या, तो हेलिकॉप्टरनं किंवा रुग्णविमानानं हलवण्याचा खर्च धरणारा असावा. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, मोठी शस्त्रक्रिया होत नाही. बंदरावर स्वतःची सहल काढली आणि उशीर झाला, तर जहाज थांबेल या भरवशावर राहू नका. कंपनीची सहल असेल तर थांबतं किंवा पुढं पोचवतं. त्या महागड्या सहलीत हा एक विमा दडलेला असतो.

(दृश्य – व्हेनिस. रिकामा जुदेक्का कालवा. पूल, होड्या.)

बंदरांची मतं कुणी फारशी विचारत नाही. व्हेनिसनं स्वतःच सांगितली. २०१९मध्ये एक मोठं जहाज धक्क्याला आणि पर्यटकांच्या बोटीला धडकलं, आणि १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना शहराच्या मधोमध यायला बंदी झाली.

(दृश्य – खुला अटलांटिक. डेकवर मोजकी माणसं, पुस्तकं, शाली.)

आणि ज्यांना बंदरं, घसरगुंड्या, कॅसिनो यांतलं काहीच नको असतं, असेही लोक आहेत. वसंतात कॅरिबियनमधली जहाजं युरोपकडं हलवतात, शरदात परत आणतात. ओळीनं सहासात दिवस नुसतं पाणी. जहाज तसंही न्यायचंच असतं, म्हणून भाडं रोजच्या हिशेबानं बरंच उतरतं. आम्हाला सगळ्यांत समाधानी प्रवासी याच फेऱ्यांवर दिसले. फक्त ही फेरी एकतर्फी असते, आणि घरी परतायचं विमानाचं तिकीट भाड्यात धरलेलं नसतं.