मुंगी चावण्याआधीचा एक तास

(दृश्य: मुलांचा वॉर्ड. सकाळचे सात. पाच वर्षांच्या मुलीचा हात, त्यावर सिस्टरची बोटं.)

"मुंगी चावल्यासारखं होईल हं, बाळा."

हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. सिस्टर मनगट धरतात, बाबा मांडीवर गच्च आवळून बसतात, आई खिडकीबाहेरचा कावळा दाखवते. मग सुई जाते. मुंगी काही अशी चावत नाही, हे पोराला पहिल्याच खेपेला कळतं. दुसऱ्या खेपेला ते दवाखान्याच्या पायरीपासूनच रडायला लागतं.

या मुलीला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, आणि दर वेळी नवी शीर शोधावी लागते. शीर पहिल्या टोचणीत सापडेलच असंही नाही. वर्षाकाठी तिला किती मुंग्या चावतात, ते तुम्हीच मोजा.

आज मात्र सिस्टरनी सुई काढलेली नाही. मनगटाच्या मागे त्यांनी कातडी बधिर करणाऱ्या एका पांढऱ्या मलमाचा जाडसर थर दिलाय, चोळलेला नाही, आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवली आहे. सुई आठ वाजता. या तासाभरात पट्टीखाली जे घडणार आहे, ते जमायला माणसाला १०० वर्षं लागली. १८८४ ते १९८४.

(दृश्य: व्हिएन्नाची जुनी चित्रं. काचेच्या कुप्या. बेडूक.)

१८८४. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा २६ वर्षांचा डॉक्टर काम करत होता. डोळ्यांचा डॉक्टर व्हायचं त्याच्या मनात होतं. त्या काळी मोतीबिंदू काढताना रोगी पूर्ण जागा असायचा. ईथरची भूल होती, पण डोळ्यासाठी ती कामाची नव्हती: शुद्धीवर येताना रोग्याला उलट्या व्हायच्या, आणि त्या ताणानं नुकताच कापलेला डोळा धोक्यात यायचा. म्हणजे उघड्या डोळ्यानं, आपल्याच डोळ्याकडे येणारं पातं बघायचं.

कोलरचा एक मित्र त्या वर्षी कोका नावाच्या दक्षिण अमेरिकी पानातल्या अर्कानं, म्हणजे कोकेननं, भारावून गेला होता. मित्राचं नाव सिग्मंड फ्रॉइड. जुलैमध्ये त्यानं कोकेनवर लेख लिहिला आणि उन्हाळा सरताना तो आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला निघून गेला. कोकेन जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, हे तेव्हा अनेकांना ठाऊक होतं. १८६० च्या सुमारास ते पानातून वेगळं काढणाऱ्या आल्बर्ट नीमाननंही ते नोंदवलं होतं. पण एका सहकाऱ्याच्या तोंडून तीच गोष्ट पुन्हा ऐकली आणि कोलरच्या डोक्यात प्रकाश पडला. जीभ बधिर होते, तर डोळा का नाही?

तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या एका डोळ्यात थेंब घातला, दुसरा तसाच ठेवला. जरा वेळानं टाचणीनं स्पर्श केला. कोरडा डोळा झटकन मिटला. थेंब घातलेल्या डोळ्याला पत्ताही नव्हता. मग ससा, मग कुत्रा. शेवटी कोलर आणि त्याचा सहकारी गेर्टनर यांनी एकमेकांच्या डोळ्यांत तेच द्रावण सोडलं, समोर आरसा धरला आणि टाचणीचं डोकं स्वतःच्या बुबुळावर टेकवलं.

काहीच जाणवलं नाही.

१५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गमध्ये नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली. प्रवासाचे पैसे कोलरकडे नव्हते. त्याचा निबंध त्रिएस्तच्या डॉ. ब्रेटाउअर यांनी वाचला आणि प्रयोगही करून दाखवला. नेत्रशल्यक्रिया त्या दिवसापासून पालटली. फ्रॉइड पुढे त्याला 'कोका कोलर' म्हणायचा. व्हिएन्नात मात्र कोलरला जागा मिळाली नाही. तो ज्यू होता. ज्यू म्हणून अपमान करणाऱ्या एका सहकाऱ्याशी द्वंद्व खेळायची वेळ त्याच्यावर आली, आणि अखेर तो न्यूयॉर्कला निघून गेला.

(दृश्य: त्वचेचा मोठा करून दाखवलेला छेद.)

डोळा झाला. जीभ, हिरडी, घसा, नाक हेही झालं. दाताचा डॉक्टर सुई टोचण्याआधी हिरडीला गोडसर जेल लावतो, ती या घराण्यातली. आपल्या आज्यांना हे निराळ्या वाटेनं माहीत होतंच: दाढ ठणकली की लवंग धरायची. लवंगेतलं युजेनॉल तिथली जाग मंद करतं.

पण तीच लवंग मनगटावर चोळून सुई टोचा, दुखायचं ते दुखणारच.

याचं कारण आपली कातडी. तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तराला जे कवच नाही, ते कातडीला आहे. सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा, जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदाहूनही कितीतरी पातळ. चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या, आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचा गिलावा. पावसात भिजून आपण विरघळत नाही, उन्हात सुकून जात नाही, ते या भिंतीमुळे. वेदना टिपणारे मज्जातंतू भिंतीच्या आत, आणि औषध बाहेर.

बरं, आत शिरलं तरी काम संपत नाही. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. टोचलं की दारं उघडतात, सोडियम आत लोटतो आणि संदेशाची लहर मेंदूकडे धावते. भुलीचं औषध हे दार अडवतं, तेही आतल्या बाजूनं. त्यासाठी त्याला दोन वेश घ्यावे लागतात. भिंत ओलांडताना ते विद्युतभाररहित असायला हवं, कारण भार असलेला कण स्निग्ध थरातून जात नाही. आत गेल्यावर भार धारण करायचा, तेव्हा दार नीट अडतं. पिकलेल्या गळवावर भूल नीट चढत नाही, हे ज्यांनी सोसलंय त्यांना आठवेल. तिथलं वातावरण आम्लधर्मी झालेलं असतं, औषधाला बाहेरच भार चढतो आणि ते उंबऱ्यावरच थांबतं.

(दृश्य: स्टॉकहोम. बार्लीची रोपं.)

कोकेनचं व्यसन लागतं, जास्त झालं तर जीव जातो, हे लवकरच कळलं. १९०५ च्या सुमारास जर्मनीतल्या आल्फ्रेड आइनहॉर्नचं नोव्होकेन आलं. टोचण्यासाठी उत्तम, वरून लावायला जवळजवळ निरुपयोगी.

पुढचं मोठं पाऊल बार्लीच्या शेतातून आलं. स्टॉकहोममध्ये हान्स फॉन ऑयलर-केल्पिन बार्लीतल्या एका रसायनाचा अभ्यास करत होते. त्याची रचना शोधताना होल्गर एर्टमान यांनी त्याचं एक जुळं भावंड बनवलं आणि, त्या काळच्या रसायनतज्ज्ञांच्या सवयीप्रमाणे, चाखून पाहिलं. जीभ बधिर! त्याच वाटेनं जात निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये नवं रसायन तयार केलं. त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानं ते स्वतःच्याच अंगात टोचून घेऊन पारखलं. स्वीडनच्या आस्ट्रा कंपनीनं ते १९४८ मध्ये झायलोकेन या नावानं बाजारात आणलं. आपण लिडोकेन म्हणतो ते हेच.

लिडोकेननं जगभर राज्य केलं, पण धडधाकट कातडीपुढे तेही अडलं. ते घन, स्फटिकरूप. मलमासाठी तेलात विरघळवावं, तर ते तेलातच रमतं, कातडीत उतरत नाही. प्रमाण वाढवून ३० टक्क्यांपर्यंत नेऊन पाहिलं गेलं. इतकं औषध कुणाच्याही अंगावर रोज लावण्यासारखं नव्हे.

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. काचेची बाटली. तीन पुड्या.)

आता जरा घरी येऊ. ही अमृतधारा. कित्येक घरांत आजही असते. पोट दुखलं की साखरेवर दोन थेंब. करायची कशी? कापूर, पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल. तिन्ही कोरडे, तिन्ही खडे. बाटलीत एकत्र घालायचे आणि हलवायचं. पाणी नाही, तेल नाही, चूल नाही.

(दृश्य: बाटलीतले खडे हळूहळू ओले होतात. निवेदन काही क्षण थांबते.)

पाहिलंत? तीन खड्यांचं पाणी झालं. वेगवेगळे असताना ते खोलीच्या उबेत घट्ट राहतात. एकत्र आले की एकमेकांची स्फटिकांची घडी बसू देत नाहीत. मिश्रणाचा वितळण्याचा बिंदू खाली घसरतो. आमच्या अख्ख्या चित्रणात मला सर्वांत भावलेला क्षण हाच.

आस्ट्राच्या प्रयोगशाळेत बर्टिल ब्रोबर्ग आणि हान्स एव्हर्स यांनी हेच तत्त्व हाताशी धरलं. लिडोकेन वितळतं सुमारे ६८ अंशांना. त्याचं भावंड प्रिलोकेन, सुमारे ३८ अंशांना. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली की मिश्रण १८ अंशांनाच पातळ होतं. म्हणजे खोलीत ठेवलं तरी ते तेलच. आता औषध तेलात विरघळवायची गरजच उरली नाही, औषध स्वतःच तेल झालं! त्याचे बारीक थेंब पाण्यात घोटले आणि पांढरं मलम तयार. पूर्ण मलमात औषध फक्त ५ टक्के, प्रत्येकी २.५, पण एकेका थेंबाच्या पोटात ते सुमारे ८० टक्के. अंगाला बेताचं औषध, भिंतीवर मात्र पुरा जोर.

१९८० मध्ये उप्सालाचे त्वचारोगतज्ज्ञ लेनार्ट युलिन यांच्यासह त्यांनी या मलमाचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. १९८४ मध्ये ते स्वीडनच्या औषधदुकानांत आलं. कोलरच्या बेडकाला तेव्हा बरोबर १०० वर्षं झाली होती.

(दृश्य: नवजात अर्भकांचा कक्ष. काचेच्या पेटीतलं बाळ.)

याच सुमाराला वैद्यकानं आपली एक मोठी चूक मान्य करायला घेतली. फार मोठा काळ डॉक्टर मानत आले होते की नवजात बाळाला वेदना कळतच नाही, त्याचे मज्जातंतू अजून कच्चे आहेत. बाळांवर शस्त्रक्रिया व्हायच्या त्या हालचाल थांबवणारं औषध आणि अगदी हलकी भूल देऊन. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी हे खोडून काढलं. १९८७ मध्ये त्यांनी दाखवलं की वेदनाशामक न मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरात तणावाच्या संप्रेरकांचा कल्लोळ उठतो, आणि नीट भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर जास्त चांगली सावरतात.

१९९७ मध्ये कॅनडात ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी ८७ मुलग्यांचं निरीक्षण केलं. जन्मानंतर सुंता झालेली बाळं चार ते सहा महिन्यांची असताना लस टोचताना, सुंता न झालेल्या बाळांपेक्षा जास्त कळवळली. सुंतेच्या वेळी ज्यांना हे मलम लावलं होतं, ती औषध नसलेलं साधं मलम लावलेल्यांपेक्षा कमी. वेदना विसरली जाते असं आपण म्हणतो. शरीर विसरत नाही.

(दृश्य: मनगटावरची पट्टी. घड्याळ, साडेसात.)

मलम म्हटलं की लोक निर्धास्त होतात. होऊ नये. लिडोकेन रक्तात जास्त गेलं तर ओठ बधिरतात, कानात गुंजतं, पुढे झटके येतात, हृदयाची लय बिघडते. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लोकांना सावध केलं: लेसरनं केस काढायला जाण्याआधी दोन तरुणींनी पायांवर कडक मात्रेचं भुलीचं मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. दोघीही वाचल्या नाहीत. प्रिलोकेनचा धोका तान्ह्यांना: त्यापासून बनणारा पदार्थ रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतो आणि बाळ निळसर पडतं. दात येताना हिरड्यांना बेन्झोकेन या भुलीच्या औषधाची जेल चोळण्याविरुद्धचा इशाराही याच कारणासाठी. दोन वर्षांखालच्या मुलांना ती लावू नये. म्हणून किती लावायचं, किती जागेवर, किती वेळ, हे डॉक्टरांनाच विचारा.

आणि मग तो तास. एक तास ठेवलं तर भूल साधारण ३ मिलिमीटर उतरते, दोन तासांत ५. पंधरा मिनिटांत पुसलं तर काहीच नाही. हा वेळ कमी करायचे प्रयत्न जोरात आहेत. हवा लागताच लोखंडाच्या भुकटीनं स्वतः तापणारी पट्टी आली, ती अर्ध्या तासात काम करते. कातडीच्या वरच्या थरात नकळत रुतणाऱ्या, विरघळून जाणाऱ्या सूक्ष्म सुयांवर प्रयोगशाळांत काम चालू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लसीकरणातली वेदना कमी करायच्या सूचना दिल्या. बाळाला कुशीत धरा, अंगावर पाजत असताना टोचा, जास्त दुखणारी लस शेवटी द्या. देशभरच्या मोहिमांसाठी मलम मात्र सुचवलं नाही: खर्च आणि वेळ. लसीकरणाच्या रांगेपुरतं ते मला पटतं. पण जे मूल महिन्याला येतं, कोणत्या दिवशी येणार हे वहीत लिहिलेलं असतं, त्याच्यासाठी हे कारण मला पटत नाही. हे मलम आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतं. किती आणि कुठे लावायचं हे डॉक्टरांनी आईला एकदा नीट दाखवलं, तर ती निघतानाच घरी लावून येऊ शकते. रिक्षात, बसमध्ये, केसपेपरच्या रांगेत तो तास आपोआप सरतो.

(दृश्य: आठ वाजले. सिस्टर पट्टी काढतात.)

मलमाखालची कातडी पांढुरकी पडली आहे. शिराही जरा आकसल्यात, त्यामुळे सिस्टरना शीर शोधायला दोन मिनिटं जास्त लागतात. मुलगी हात मागे घेते. सवयीनं. सिस्टर आज मुंगीचं नाव काढत नाहीत. त्या सुईचं टोपण तिच्या मनगटावर टेकवतात.

"लागतंय का गं?"

मुलगी टोपणाकडे बघते. मग सिस्टरकडे. मग पुन्हा टोपणाकडे.

"परत करा," ती म्हणते.

(दृश्य: सुई आत जाते. मुलीचा चेहरा. ती बघते आहे.)